पानिपत, तोतया आणि 'तसे घडले असते तर'

इतिहासाला वेगळे वळण देऊन लिहिलेल्या कादंबरीविषयी वाचक बोलू लागले की एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुढे येतो : लेखकाला एवढी मोकळीक कोणी दिली? ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या 'सेव्हन्थ सन' (१९८७) या कादंबरीतील अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध आपल्याला ठाऊक आहे तसे घडलेलेच नाही. शिवाय सरहद्दीवर नव्याने वसलेल्या साध्या माणसांचे तोडगे, घराच्या रक्षणासाठी काढलेली चिन्हे, दुसऱ्याच्या अंतरीचे पाहणारी दृष्टी, हे सारे तिथे खरोखर फळते. अशा पुस्तकात इतिहासाच्या वाचकाला जादू खटकते आणि अद्भुताच्या वाचकाला इतिहासाचे ओझे वाटते. दोघांची तक्रार एकच, की दोन्हींची सरमिसळ कशाला?

ही तक्रार मराठीला नवी नाही. 'मंजुघोषा' (१८६८) लिहिताना नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने मांडली होती. आपल्या रोजच्या आयुष्यात मन गुंतवील असे काही नसल्याने मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळावेच लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढे चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या निबंधात तत्कालीन कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर बोट ठेवले. तेव्हापासून आपली समीक्षा बहुधा मराठ्यांच्या बाजूने उभी राहिली आहे.

परंतु वाचकाचे, त्याहून श्रोत्याचे, मन त्या बाजूला पूर्णपणे कधीच नव्हते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. मात्र त्यांच्या देहाच्या ओळखीविषयी शंका उरली. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसे त्याच्यामागे जमली आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. त्या बंडामागे राजकारण होते, हे खरे. पण 'भाऊ परत आले' हे ऐकायला लोकांचे कान आसुसलेले नसते तर ते राजकारण चालले नसते. दुखऱ्या जागी समाज स्वतःच पर्यायी इतिहास रचतो. मात्र त्याला तो कल्पित म्हणत नाही, आणि सारा धोका तिथेच असतो.

कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी (१९३८-२०२५) 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत त्याच जखमेला हात घातला. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे विश्वासरावांना गोळी लागत नाही, मराठे जिंकतात आणि कंपनी सरकारला देश गिळता येत नाही. नारळीकर मंत्राचा आधार घेत नाहीत. पुंजभौतिकीतल्या अनिश्चिततेचा घेतात. तरीही कथेचे मर्म विज्ञानाच्या स्पष्टीकरणात नाही. परतलेल्या गंगाधरपंतांच्या हाती त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे एक फाटलेले पान उरते. तो विजय या जगाचा नव्हे, हे त्या एका पानामुळे वाचकाला कधीच विसरता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कार्डच्या कादंबरीतला तोडगा आणि नारळीकरांच्या कथेतले पुंजभौतिक एकच काम करतात : इथून पुढे कल्पना आहे, असे ते उंबरठ्यावरच सांगतात. आपली रूढ ऐतिहासिक कादंबरी असे काही सांगत नाही. तिच्यात तोडगा नसतो, मंत्र नसतो, सारे संभाव्य असते. म्हणूनच लेखकाने रचलेला संवाद वाचकाच्या स्मरणात पुरावा होऊन बसतो. पदव्युत्तर वर्गात शिकवताना हे वारंवार जाणवते. एखाद्या ऐतिहासिक पुरुषाचे उद्गार विद्यार्थी आत्मविश्वासाने सांगतो आणि शोध घेतला की ते कादंबरीतले निघतात.

मराठ्यांनी असंभाव्यतेवर ठेवलेले बोट तेव्हा योग्य असेल. आज मात्र ज्यातली जादू लपलेली नाही ते पुस्तक मला अधिक प्रामाणिक वाटते. 'असे घडले नाही' ही तक्रार त्याच्याविरुद्ध करण्यात अर्थ नाही. ते तर त्याने आधीच कबूल केलेले असते. ज्याने कबूल केलेले नाही, त्याला हा प्रश्न विचारायला आपण केव्हा शिकणार?