डॉ. रखमाबाई

डॉ. रखमाबाई (२२ नोव्हेंबर १८६४ – २५ सप्टेंबर १९५५) या बालविवाहाच्या बंधनाला न्यायालयात विरोध करणाऱ्या मराठी स्त्री-हक्कवादी आणि ब्रिटिश भारतातील आरंभीच्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक होत. 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' या गाजलेल्या खटल्यामुळे विवाहातील स्त्रीच्या संमतीचा प्रश्न चर्चेत आला. त्यांच्या जीवनावर २०१६ मध्ये मराठी चित्रपट तयार झाला.

बालपण व विवाह

रखमाबाईंचा जन्म मुंबईत सुतार समाजातील कुटुंबात झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग यांचे निधन झाले. पुढे आई जयंतीबाई यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आला. मात्र त्या माहेरीच राहिल्या आणि घरीच अभ्यास करीत राहिल्या. मोठेपणी त्यांनी पतीकडे नांदण्यास नकार दिला.

खटला

पत्नीने आपल्याकडे नांदावयास यावे, यासाठी दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये तो फेटाळला. असा दावा मुळात इंग्रजी कायद्यातून आलेला असून, अजाण वयात विवाह झालेल्या व पतीसोबत कधीही न राहिलेल्या स्त्रीवर सहवासाची सक्ती करता येत नाही, असे त्यांचे मत होते. अपिलात हा निकाल टिकला नाही. फेरसुनावणीत न्यायमूर्ती फॅरन यांनी मार्च १८८७ मध्ये, रखमाबाईंनी महिन्याभरात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शवली.

'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांत बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टीका होती. बेहरामजी मलबारी यांनी त्यांची बाजू घेतली, तर बाळ गंगाधर टिळकांच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीका केली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला आणि रखमाबाईंचा तुरुंगवास टळला. या खटल्यामुळे पेटलेला वाद पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत पोहोचला. त्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले.

वैद्यकीय कार्य

कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. भारतात परतल्यावर त्यांनी सुरत आणि नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ सेवा केली. निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. पडदापद्धतीविरुद्धही त्यांनी लेखन केले.

चित्रपट व साहित्यातील चित्रण

मोहिनी वर्दे यांचे 'डॉ. रखमाबाई: एक आर्त' हे मराठी चरित्र १९८२ मध्ये प्रकाशित झाले. सुधीर चंद्र यांनी या खटल्याचा इंग्रजीत सविस्तर ग्रंथरूप अभ्यास केला आहे. अनंत महादेवन दिग्दर्शित 'डॉक्टर रखमाबाई' या चित्रपटात तनिष्ठा चॅटर्जी यांनी शीर्षक भूमिका केली. इतिहासग्रंथांत रखमाबाईंचा उल्लेख प्रामुख्याने खटल्याच्या संदर्भात येतो. चित्रपटाच्या नावात मात्र त्यांची व्यावसायिक ओळख पुढे आहे.

समीर विद्वांस दिग्दर्शित 'आनंदी गोपाळ' (२०१९) हा याच पिढीतील डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावरील चित्रपट होय. दोघींचेही बालविवाह झाले होते. आनंदीबाईंच्या शिक्षणामागे पती गोपाळराव यांचा आग्रह होता. रखमाबाईंच्या स्वतंत्र आयुष्याची सुरुवात मात्र पतीचा हक्क नाकारण्यापासून झाली. आनंदीबाईंचे पदवीनंतर वर्षभरातच, वयाच्या एकविसाव्या वर्षी निधन झाले. रखमाबाईंना अनेक दशके रुग्णसेवा करता आली.

वारसा

न्यायालयाचा असा आदेश न पाळणाऱ्या पत्नीला तुरुंगात पाठवण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. तथापि नांदावयास येण्यासाठी दावा करण्याचा हक्क हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ९ मध्ये पती व पत्नी दोघांनाही देण्यात आला. हा अधिनियम १९५५ मध्ये, म्हणजे रखमाबाईंच्या निधनाच्याच वर्षी लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हे कलम वैध ठरवले.