सागरजल-पंपाचे पंखचक्र

नौकेचे एंजिन थंड राखण्यासाठी समुद्राचे पाणी आत खेचणाऱ्या पंपातील लवचीक रबरी चक्र. पंपाची पोकळी एका बाजूस अरुंद असल्यामुळे चक्राची पाती तेथे वाकतात व पुढे सरळ होताना पाणी शोषून घेतात. हेच पाणी त्यांचे वंगणही असल्याने कोरडे फिरलेले चक्र अल्पावधीतच निकामी होते. ते बदलताना एंजिन बंद करून सागरजलाची झडप मिटावी, झाकण उतरवून जुने चक्र सरळ ओढून काढावे आणि तुटलेल्या पात्यांचा प्रत्येक तुकडा हिशेबास लागेपर्यंत पुढील नळ्या कसोशीने तपासाव्यात, कारण तेथे अडकलेला तुकडा जलप्रवाह रोखून एंजिन तापवतो. नवे चक्र ग्लिसरीन लावून, पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट झुकवून बसवावे. शेवटी झाकण पुन्हा लावून, झडप उघडून एंजिन सुरू करावे आणि पाणी बाहेर पडत असल्याची खातरजमा अवश्य करावी.