हेतू कोणी विचारला नाही

बल्गेरियाच्या वायव्य भागात लेसुरा नावाचे एक खेडे आहे. १९ जुलै १९९६ रोजी भरदुपारी तेथे लष्करी पोलिसांनी दोन तरुणांना गोळ्या घालून मारले. दोघेही एकवीस वर्षांचे आणि दोघेही रोमा, म्हणजे आपण ज्यांना सरसकट जिप्सी म्हणतो त्या समाजातले. सक्तीच्या लष्करी सेवेत त्यांना बांधकामाच्या तुकडीत घातले होते. वारंवार गैरहजर राहिल्याबद्दल कैदेची शिक्षा झाली, आणि कामाच्या जागेवरून पळून ते एकाच्या आजीच्या घरी येऊन राहिले. त्यांचा गुन्हा एवढाच. त्यांच्याजवळ हत्यार नव्हते, मारामारीचा पूर्वेतिहास नव्हता, आणि पकडायला आलेल्या पथकाला हे ठाऊक होते. तरी पळणाऱ्या त्या दोघांवर पथकाच्या मेजरने कलाश्निकोव्ह चालवली. एकाला गोळी पाठीत लागली, दुसऱ्याला छातीत.

पळणाऱ्या माणसाच्या छातीत गोळी कशी लागते? तो शरण येण्यासाठी वळला असेल काय? हा प्रश्न कोणाही हवालदाराला पडायला हवा. तपास करणाऱ्यांना तो पडला नाही. जागेचा नकाशा काढला, पण त्यात आवश्यक ती मापे नव्हती. घटना कशी घडली हे प्रत्यक्ष जागेवर पुन्हा करून पाहिले नाही. एका शेजाऱ्याने जबाब दिला होता की, आपण गोळीबाराला हरकत घेतली तेव्हा मेजरने आपल्यावर बंदूक रोखली आणि जिप्सी म्हणून शिवी हासडली. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत जिला जातिवाचक शिवीगाळ म्हणतात, तीच ही. तो जबाब कागदावर राहिला. मेजरला त्याबद्दल कोणी खोदून विचारले नाही. मेजर नियमाप्रमाणेच वागला असे ठरवून १९९७ मध्ये फाइल बंद करण्यात आली.

मृतांचे नातेवाईक स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. ६ जुलै २००५ रोजी तेथील मोठ्या पीठाने निकाल दिला. दोघांच्या मृत्यूला आणि सदोष तपासाला बल्गेरियाचे सरकार जबाबदार आहे, असे त्याने ठरवले. वंशद्वेषाविषयी मात्र न्यायालय जपून बोलले. हे खून वंशद्वेषातूनच झाले असे सिद्ध झालेले नाही. परंतु तशी शंका घ्यायला जागा असताना त्या दिशेने तपासच न करणे हाही भेदभाव आहे, आणि तोही हक्कांचा भंग आहे. काहींना हा निकाल अर्धामुर्धा वाटेल. आम्हाला त्याचा हा दुसरा भागच जास्त मोलाचा वाटतो. माणसाच्या मनातला द्वेष सिद्ध करणे कठीण असते. त्याचा शोध घेणे कठीण नसते. चार प्रश्न विचारावे लागतात, इतकेच.

हे प्रश्न न विचारण्याची सवय जुनी आहे. रोमा मुळात आपल्याच बाजूचे. पाण्याला ते पानी म्हणतात, कानाला कान आणि माणसाला मानुष. त्यांची बोली भारतीय कुळातली आहे हे युरोपच्या पंडितांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ओळखले. पण या ओळखीने त्यांचे हाल थांबले नाहीत. आजच्या रुमानियाच्या प्रदेशात ते १८५०च्या दशकापर्यंत गुलाम होते. बाल्कन देशांत त्यांच्यातले पुष्कळ जण मुसलमान आहेत, आणि बल्गेरियाच्या साम्यवादी राजवटीने त्यांना नावेसुद्धा बदलायला लावली. तरी ही हकीकत धर्माची नाही. ख्रिस्ती रोमांच्या वाट्यालाही काही वेगळे आले नाही.

१८९९ मध्ये म्युनिकच्या पोलिसांनी जिप्सींची नोंद ठेवणारी एक कचेरी उघडली. गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगाराची फाइल तयार! १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी आपल्याकडे हेच केले होते. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. आपल्याकडचा तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारध्यांच्या पालावर पोलीस आजही कोणत्या नजरेने जातात हे वाचकांना सांगायला नको. जर्मनीत त्या फायलींचा शेवट आउश्विट्झला झाला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तेथील जिप्सी छावणीतली उरलेली बायकामुले आणि म्हातारी माणसे वायुकोठड्यांत घालून मारण्यात आली. नाझींनी एकूण किती रोमा मारले याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात.

युद्धानंतर वाचलेल्यांनी भरपाई मागितली. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या हद्दपारीबद्दल सांगितले की, ती कारवाई वंशामुळे झालेली नव्हती, ती गुन्हेगारीच्या बंदोबस्तासाठी होती. वंशावरून छळ झाला तो १९४३ पासून पुढे. म्हणजे छळ करणाऱ्याने जे कारण दिले, तेच न्यायाधीशांनी मान्य केले! १९६३ मध्ये न्यायालयाने ही भूमिका सोडली. हा वंशसंहार होता हे जर्मन सरकारच्या प्रमुखाने म्हणायला १९८२ उजाडावे लागले. तोवर कितीतरी अर्जदार मातीआड गेले होते. लेसुऱ्याच्या फाइलवरचा शेरा आम्हाला या १९५६ च्या निकालाचाच धाकटा भाऊ वाटतो.

आता हंगेरीचे पाहा. २००८ च्या उन्हाळ्यापासून तेथे रोमांच्या घरांवर रात्री हल्ले होऊ लागले. पद्धत बहुधा ठरलेली: गावाच्या कडेचे घर, पेट्रोलचे बॉम्ब आणि बंदुका. नोव्हेंबरात दोघांचा बळी गेला. २३ फेब्रुवारी २००९ च्या पहाटेआधी बुडापेस्टच्या दक्षिणेस तातारसेंटग्यर्ग या गावात एक घर पेटवण्यात आले, आणि जळत्या घरातून बाहेर पळणारा बाप व त्याचा लहानगा मुलगा बंदुकीने टिपले गेले. अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा काय सांगितले? विजेच्या तारांत बिघाड होऊन आग लागली आणि माणसे धुराने गुदमरली. घरचे लोक गोळ्यांचा आवाज ऐकल्याचे सांगत होते, अंगावर छऱ्यांच्या जखमा होत्या, काडतुसेही सापडली. बाहेरून माणसे येऊन बोभाटा झाल्यावरच खुनाचा तपास सुरू झाला.

पुढे तो तपास कसून झाला, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २००९ मध्ये चौघे पकडले गेले. २०१३ मध्ये तिघांना जन्मठेप आणि गाडी चालवणाऱ्याला १३ वर्षांची कैद झाली. वंशद्वेषाचा हेतू न्यायालयाने मान्य केला, आणि २०१६ मध्ये निकाल कायम झाला. पण विजेच्या तारांचा तो बहाणा आणि ही अटक यांच्यामध्ये सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत, एप्रिलमध्ये, कामावर निघालेला एक कामगार दाराशीच मारला गेला. ३ ऑगस्टच्या रात्री एक बाई झोपेत मारली गेली, आणि तिच्या शेजारी झोपलेली तिची तेरा वर्षांची मुलगी गंभीर जखमी होऊन वाचली.