'हात हललाय, डिलीट कर'

परवा आमच्या तालुक्याच्या फोटोग्राफी ग्रुपवर एका पोराने फोटो टाकला. चुलीपुढे बसून भाकरी थापणारी त्याची आजी. उजेड फक्त चुलीचा. चेहरा स्पष्ट, नजर परातीत, आणि हात मात्र हललेले, धूसर. तासाभरात वीस-पंचवीस जणांनी 'कडक', 'भारी भावा', 'एक नंबर' लिहिलं. मग एका जाणत्या सरांनी चार शब्द टाकले. "हात हललाय, डिलीट कर." ग्रुपमध्ये सरांचा शब्द सगळे मानतात. पोराने दहा मिनिटांत फोटो काढून टाकला.

तेव्हापासून एक जुनी गोष्ट डोक्यात फिरतेय. ती सांगतो.

साल १८६३. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथे राहणाऱ्या ४८ वर्षांच्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. बाईंचा जन्म आपल्या कलकत्त्यातला, १८१५ चा. फोटोग्राफीचं शिक्षण शून्य. त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची डार्करूम. तेव्हा काचेवर कोलोडिअनचा चिकट थर द्यायचा, तो ओला असेपर्यंतच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, अशी पद्धत होती. समोरच्याला काही मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. माणूस हलायचाच. शिवाय बाई फोकस काटेकोर करत बसायच्या नाहीत. चेहरा सुंदर दिसला की तिथेच थांबायच्या. काचेवर चरे, डाग, बोटांचे ठसे, सगळं तसंच राहायचं.

वर्षभरात त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या, प्रदर्शनात फोटो लावू लागल्या. आणि १८६५ मध्ये त्याच सोसायटीच्या नियतकालिकाने त्यांना झोडपून काढलं. मुद्दा एकच : फोकस नाही, काम स्वच्छ नाही.

आता गंमत बघा. टीकाकार खोटं बोलत नव्हते. फोकस खरंच नव्हता, डाग खरंच होते. पण दोष मोजून झाल्यावर पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. या चित्रात माणूस दिसतोय का? त्याच १८६५ साली साउथ केन्सिंग्टन म्युझियमचे प्रमुख हेन्री कोल यांनी बाईंची छायाचित्रं संग्रहालयासाठी विकत घेतली. हेच आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १८६८ मध्ये तिथल्याच दोन खोल्या बाईंना स्टुडिओ म्हणून वापरायला मिळाल्या. डार्विन, टेनिसन, हर्शेल यांचे त्यांनी काढलेले चेहरे आज जगभर ओळखले जातात. काळोखातून वर येणारा, पांढऱ्या विस्कटलेल्या केसांचा म्हातारा हर्शेल एकदा बघाच.

म्हणजे हललेला प्रत्येक फोटो थोर असतो का? अजिबात नाही. माझे स्वतःचे शेकडो हललेले फोटो नुसतेच हललेले आहेत. मुद्दा एवढाच की दोष दाखवला म्हणजे परीक्षण झालं, असं नसतं. आणि 'कडक' लिहिलं म्हणजेही होत नाही. दोन्हीकडे फोटो बघायचा कंटाळाच आहे.

मग नीट बघणारा परीक्षक कसा असतो? त्याचंही उदाहरण आहे. लंडनहून 'अमॅच्युअर फोटोग्राफर' नावाचं साप्ताहिक निघायचं, खास हौशी लोकांसाठी. १८८७ मध्ये त्यांच्या सुट्टीतल्या फोटोंच्या स्पर्धेला परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन. शिक्षणाने डॉक्टर, बोलण्याला तिखट. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या एका २३ वर्षांच्या पोराने इटलीतल्या बेलाजिओ गावातल्या हसणाऱ्या मुलांचा फोटो पाठवला होता. एमर्सननी त्याला पहिलं बक्षीस दिलं आणि कारणही सांगितलं : एवढ्या सगळ्यांत हे एकच काम उत्स्फूर्त आहे. तो पोरगा म्हणजे आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. फोटोग्राफीला कलेचा दर्जा मिळावा म्हणून पुढे तो अमेरिकेत आयुष्यभर झगडला. 'हौशी' हा शब्द त्याला कधी कमीपणाचा वाटला नाही. हौशी म्हणजे कच्चा नव्हे, हौसेने करणारा. आपल्याकडे हौशी रंगभूमीवाल्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

एमर्सनची आणखी एक गोष्ट मला जास्त आवडते. १८८९ मध्ये त्यांनी फोटो कसा असावा यावर मोठं पुस्तक लिहिलं, आणि थोड्याच काळात आपली मतं चुकल्याचं जाहीर करणारी पुस्तिका काढली. तीही शोकपत्रासारख्या काळ्या किनारीची! स्वतःचं चुकलं म्हणून असं जाहीर सांगणारा परीक्षक आपल्या ग्रुपवर कोणी पाहिलाय का?

आता घरी येऊ. भारतातली पहिली फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती मुंबईत, १८५४ साली. कलकत्ता आणि मद्रास नंतर, १८५६ मध्ये. या सोसायटीत डॉ. नारायण दाजी होते. भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे धाकटे भाऊ. म्हणजे आपल्याकडे हौशी फोटोग्राफी पावणेदोनशे वर्षं जुनी होत आली. याच मंडळींच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' भागाभागाने काढला. दर भागात मोजकेच फोटो आणि सोबत मजकूर. इन्स्टाग्रामवर एकाच लग्नाचे नव्वद फोटो टाकून त्याला पोर्टफोलिओ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी शिकावं. पोर्टफोलिओ म्हणजे गोदाम नव्हे. काय ठेवलं नाही, यावरूनही माणूस कळतो.

पण याच जॉन्सनची दुसरी बाजूही बघायला हवी. १८६३ आणि १८६६ मध्ये त्याने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. फोटो देखणे, फोकस चोख. पण त्यांतल्या कित्येक चित्रांत माणसं एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि मागचं दृश्य दुसरीकडचं, जोडून बसवलेलं. फोटोखाली जात किंवा धंदा. फोटोतल्या माणसाचं नाव विचारावं, असं वाटलं नसावं. फोकसच्या परीक्षेत हे खंड पहिल्या वर्गात पास होतील, सचोटीच्या परीक्षेत नाही. आज मोबाईलमध्ये आभाळ बदलून, जत्रेतल्या गरीब बाईचा फोटो 'संस्कृती' म्हणून टाकणाऱ्याला आपण काय विचारतो? तर कॅमेरा कुठला, लेन्स कुठली!

माझं म्हणणं साधं आहे. फोटोवर बोलायचं तर तीन गोष्टी बोला. मला यात काय दिसलं. काय खटकलं आणि का. आणि यात जो माणूस आहे, त्याच्याशी हा फोटो प्रामाणिक आहे का.

आजीच्या फोटोबद्दल सरांना असं लिहिता आलं असतं : 'चेहरा स्थिर आणि हात हललेले, त्यामुळे काम चालू असल्याचं कळतं, हे जमलंय. डावीकडचा निळा प्लास्टिकचा डबा नजर ओढतो, पुढच्या वेळी तो बाजूला ठेव. हात थांबवायचे असतील तर शटर वाढव, पण चुलीच्या उजेडात फोटो काळा पडेल किंवा खरखरीत येईल. काय हवंय ते तू ठरव.' दोन मिनिटांचं काम. पोरगं शिकलं असतं, आणि फोटो राहिला असता.

कारण तो फोटो नुसता त्या पोराचा नाही. अशा चुली, अशा आज्या आपल्या गावांतून कमी होत चालल्यात. पन्नास वर्षांनी आपलं घरचं जगणं कसं होतं हे बघायला लोक सरकारी कागद उघडणार नाहीत, अशाच पोरांचे फोटो शोधतील. ते आपणच चार शब्दांत पुसून टाकायचे का?

मी त्या पोराला मेसेज केलाय. फोटो फोनमध्ये अजून आहे म्हणाला. परत टाक म्हटलं, आणि खाली आजीचं नाव लिही.

टाकला तर नुसतं 'कडक' लिहू नका. नीट बघा, मग लिहा.