चढ चढायचा की वेग गाठायचा?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील बहुतेक मोटरसायकलींना एकच गिअर असे. इंजिनावरच्या लहान कप्पीवरून निघालेला पट्टा मागच्या चाकाच्या मोठ्या कप्पीवर जाई. या दोन कप्प्यांच्या व्यासांचे गुणोत्तर किती ठेवायचे, हे प्रवासाला निघण्यापूर्वीच ठरवावे लागे.

हा निर्णय का अवघड होता, ते हिशेबाने पाहू. सोयीसाठी आपण असे धरू की, इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर अडीच अश्वशक्ती देते, चाकाचा परीघ २.०७ मीटर आहे आणि स्वारासह एकूण वजन १५० किलोग्रॅम आहे. इंजिनाच्या ५ फेऱ्यांत चाकाचा १ फेरा होत असेल, तर सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेग मिळतो. आता दर ८ मीटरला १ मीटर उंची वाढवणारा चढ आला. तो ताशी १५ किलोमीटर वेगाने चढताना केवळ वजन वर नेण्यासाठीच सुमारे १ अश्वशक्ती लागते. पण या वेगाला इंजिनाचे फेरे होतात जेमतेम ६००. फिरवण्याचा जोर तेवढाच राहिला असे मानले, तरी शक्ती मिळते पाऊण अश्वशक्ती. म्हणजे इंजिन बंद पडणार! गुणोत्तर ५ ऐवजी ९ केले, तर त्याच वेगाला फेरे सुमारे १०९० होतात, शक्ती १.३६ अश्वशक्ती मिळते आणि चढ पार होतो. मात्र सपाटीवरचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या पुढे जात नाही.

या पेचातून सुटण्यासाठी स्वार पेडल मारत किंवा उतरून गाडीबरोबर धावत. १९०७ साली आइल ऑफ मॅन बेटावर सुरू झालेल्या टी.टी. शर्यतीत पेडल मारण्यास मुभा होती. १९०८ मध्ये ती काढून घेण्यात आली. झेनिथ कंपनीच्या 'ग्रॅड्युआ' रचनेत कप्पीचा व्यास चालत्या गाडीवर बदलता येई आणि पट्टा ताठ राहावा म्हणून मागचे चाकही पुढेमागे सरके. चढाच्या अनेक स्पर्धांतून ही गाडी वगळण्यात आली. कंपनीने 'बंदी घातलेली' हाच शब्द आपल्या जाहिरातीत वापरला!

१९११ साली टी.टी. शर्यत सुमारे ६० किलोमीटरच्या डोंगरी मार्गावर नेण्यात आली. हा मार्ग समुद्रकाठच्या रॅम्झी गावातून ४२० मीटरपर्यंत चढतो. तिथे एका गिअरचा निभाव लागणे कठीण होते. मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकन 'इंडियन' गाड्यांनी पटकावले. त्यांना पट्ट्याऐवजी साखळी होती आणि गिअर दोन होते.

गिअर शक्ती निर्माण करत नाही. इंजिनाला आपली शक्ती देता येईल अशा गतीने फिरू देतो, एवढेच. वर्गात हे दाखवायला साधी सायकल पुरते. पुढच्या दातेरी चाकाचे ४४ आणि मागच्याचे १८ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती फिरेल? विद्यार्थ्यांना आधी उत्तर काढू द्यावे, मग खडूची खूण करून मोजायला लावावे.