फिट्झरॉय क्रॉसिंग : एका गांवाचा निग्रह

दुर्बळांचें कल्याण साधण्याचे दोन मार्ग इतिहासांत आढळतात. एकांत बलवान् मनुष्य कायदा हातीं घेऊन येतो आणि दुर्बळांस सांगतो कीं, तुमचें हित आम्हीं ओळखलें आहे. दुसऱ्यांत ज्याचें दुःख तोच उठून उभा राहतो आणि कायद्यास आपल्या कामास लावतो. दोन्ही मार्गांनीं निघणारा हुकूम पुष्कळदां एकच असतो; मग भेद तो कोणता, असें कोणी विचारील. ह्या प्रश्नाचें उत्तर ऑस्ट्रेलियांतील एका लहानशा गांवाच्या अलीकडील इतिहासांत स्पष्ट सांपडतें, म्हणून तो आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरभागीं किंबर्ली नांवाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. पर्थ ह्या राजधानीपासून सुमारें अडीच हजार किलोमीटर दूर, फिट्झरॉय नदीच्या कांठीं, फिट्झरॉय क्रॉसिंग हें गांव वसलें आहे. वस्ती हजार-बाराशें, भोंवतालच्या खोऱ्यांतील चाळीसएक लहान वस्त्या धरल्या तर कांहीं हजार. बुनुबा, गूनियांडी, वालमजारी इत्यादि जमातींची ही भूमि, आणि आजही बहुसंख्य रहिवासी त्यांच्यापैकींच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या पशुपालकांनीं हीं कुरणें बळकावलीं, तेव्हां जंदामारा नांवाच्या बुनुबा वीरानें १८९४ पासून १८९७ पर्यंत त्यांच्याशीं झुंज दिली. तो मारला गेला. पुढें १९०५ च्या कायद्यानें सरकारचा एक अधिकारी आदिवासींचा ‘रक्षक’ ठरला, आणि हे लोक आपल्याच भूमीवर परक्यांचीं गुरें राखूं लागले. मोबदला बहुधा पीठ, साखर, चहा आणि तंबाखू.

न्याय आला तोही विचित्र रूपानें. १९६६ च्या निवाड्यानुसार डिसेंबर १९६८ पासून आदिवासी गुराख्यांस गोऱ्यांइतकें वेतन देणें प्राप्त झालें. मालकांनीं वेतन देण्याऐवजीं पुष्कळांना घालवूनच दिलें. कुटुंबेंच्या कुटुंबें गांवाच्या कडेला तंबू-झोंपड्यांत येऊन पडलीं. हातांत काम नाहीं, पायांखालीं भूमि नाहीं. आणि ह्याच सुमारास मद्यपानाची जुनी बंदीही उठली. समान नागरिकत्वाची खूण म्हणून जो पेला हातीं आला, तोच पुढच्या दोन पिढ्यांस गिळूं लागला.

२००६ च्या सुमारास ह्या खोऱ्यांत एका वर्षाच्या आसपास तेरा आत्महत्या झाल्या. प्रेतयात्रा हा गांवाचा नित्यक्रम होऊन बसला. स्त्रियांच्या आश्रयगृहांत मारहाणीनें जर्जर झालेल्या बाया येत. आज्या नातवंडांना घेऊन रात्र रात्र जागत. जुलै २००७ मध्यें मार्निनवार्न्टिकुरा ह्या स्त्रियांच्या संस्थेची वार्षिक सभा रानांत भरली. तेथें वृद्ध स्त्रियांनीं ठरविलें कीं, आतां दारूच रोखली पाहिजे. जून ऑस्कर आणि एमिली कार्टर ह्या दोघी पुढें झाल्या. कित्येक वडीलधाऱ्या पुरुषांनीं पाठिंबा दिला. आणि परवाना-अधिकाऱ्याकडे अर्ज गेला.

ह्याच दिवसांत शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरींत काय चाललें होतें, तें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तेथेंही आदिवासी वस्त्यांवर दारूबंदी आली; परंतु ती केंद्र सरकारनें जून २००७ मध्यें एकाएकीं जाहीर केली, सैनिक पाठविले, आणि वंशभेदविरोधी कायदाही तेथपुरता स्थगित केला. ज्यांच्यासाठीं हें सारें, त्यांस कोणी विचारलें नाहीं. ‘रक्षक’ पुनः परत आला, अशीच तेथील पुष्कळांची भावना झाली.

फिट्झरॉय क्रॉसिंगचा मार्ग सोपा होता असें मात्र नव्हे. खुद्द आदिवासींतच फूट पडली. गांवांतील मद्यगृहाच्या मालकींत आदिवासींच्याच कंपनीचा वाटा होता. कोणी म्हणाले, इतक्या कष्टानें मिळालेला हक्क आमच्याच बायकांनीं कां काढून घ्यावा? हा आक्षेप हलका नव्हता, आणि तो घेणारे सर्वच व्यसनी होते असेंही नव्हे. पुढारी स्त्रियांस धमक्या आल्या. तरी त्या ढळल्या नाहींत. ऑक्टोबर २००७ पासून शेंकडा २.७ हून अधिक मद्यार्काचें पेय बांधून नेण्यास बंदी झाली. प्रथम सहा महिने, आणि मे २००८ पासून बेमुदत. मद्यगृहांत बसून पिण्यास मोकळीक राहिली.

मारामाऱ्या व रुग्णालयांतील गर्दी कमी झाली, रात्रीं झोंप लागूं लागली, असें पाहणींत आढळलें. कांहीं पिणारे दूरच्या डर्बी किंवा हॉल्स क्रीक गांवीं जाऊं लागले, हेंही खरें. बंदीनें व्यसन मरत नाहीं. तिनें फक्त श्वास घेण्यास अवसर मिळतो, हें ह्या स्त्रियांस ठाऊक होतें.

त्या अवसराचा त्यांनीं केलेला उपयोग आम्हांस सर्वांत धैर्याचा वाटतो. गर्भारपणीं मातेनें घेतलेल्या मद्यानें मुलाच्या मेंदूस कायमची इजा होते. ‘आमच्या किती मुलांस ती झाली आहे, तें मोजा,’ असें म्हणून त्यांनीं स्वतः डॉक्टरांस बोलाविलें. ह्या पाहणीचें नांव ‘लिलिल्वान’, म्हणजे ‘सारीं चिमुकलीं’. २००२ व २००३ सालीं जन्मलेल्या १३४ मुलांपैकीं १२७ मुलांच्या पालकांनीं संमति दिली. आपला दोष जगापुढें मांडणाऱ्या ह्या मातांची कल्पना वाचकांनीं करून पाहावी! सुमारें आठांत एक मूल ह्या व्याधीच्या तीव्र स्वरूपानें ग्रस्त आढळलें. परंतु ही पाहणी कलंक म्हणून नव्हे, तर साधन म्हणून वापरली गेली : मुलांसाठीं उपचार, शिक्षकांस मार्गदर्शन, मातांस आधार आणि बालशिक्षणकेंद्र ह्यांची मागणी त्या आंकड्यांच्या बळावर पुढें रेटतां आली.

सर्व दुःख सरलें असें म्हणणें असत्य होईल. किंबर्लीतील तेरा आदिवासी मुलांच्या व तरुणांच्या मृत्यूंची चौकशी होऊन २०१९ मध्यें जो अहवाल निघाला, तो वाचवत नाहीं. शंभर वर्षांची जखम दहा वर्षांत भरत नाहीं. जून ऑस्कर २०१७ मध्यें आदिवासींच्या सामाजिक न्यायाच्या राष्ट्रीय आयुक्त झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

आरंभींच्या प्रश्नाकडे आतां वळूं. हुकूम दोन्हीकडे दारूबंदीचाच होता. पण लादलेल्या हुकुमाखालीं मनुष्य फक्त आज्ञा पाळतो किंवा मोडतो. स्वतः मागितलेल्या हुकुमाची जबाबदारी तो स्वतः घेतो, आणि उद्यां आणखी काय केलें पाहिजे हेंही त्यालाच सुचूं लागतें. एका गांवच्या आज्यांनीं दारूचें दुकान अर्धें मिटविलें आणि मग मुलें मोजावयास बसल्या. ह्या दोन कृत्यांपैकीं दुसरें कृत्य कोणत्याही सरकारास हुकमानें करवून घेतां आलें नसतें.