झाडू, बोनस आणि ॲडजस्टमेंट

तर मंडळी, सध्या मी दोन आघाड्यांवर लढतोय. एक घरातल्या झाडू मारणाऱ्या रोबोशी आणि दुसरी ब्रोकरच्या ॲपशी.

रोबोला हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं नसतं. मध्ये काळ्या कडप्प्याची चार बोटं रुंद पट्टी आहे. तिथवर आला की महाशय थबकतात आणि मागे फिरतात. त्याच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. प्रकाश खाली सोडायचा, फरशीवरून परत आला तर पुढे जायचं, नाही आला तर इथे जिना आहे असं समजायचं. काळा दगड प्रकाश गिळतो, म्हणून आमचं स्वयंपाकघर त्याच्या लेखी दरीपलीकडे! हे एक वेळ समजू शकतो. पण गेल्या महिन्यापासून त्याला पांढऱ्या फरशीवरही दऱ्या दिसतात, त्याचं काय? कस्टमर केअरचं उत्तर दर वेळी एकच: "सर, रिसेट करून बघा." रिसेट केलं की घराचा नकाशा पुसला जातो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ॲपची तऱ्हा वेगळी. एका शेअरचे कॉल ऑप्शन घेऊन ठेवले होते. कंपनीने एकास एक बोनस दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर स्ट्राइक अर्धी, लॉट दुप्पट आणि स्क्रीनवर लालभडक पन्नास टक्के तोटा! प्रीमियम नवा आणि खरेदीचा भाव जुना, असा तो घोळ. संध्याकाळी आकडे जागेवर आले, पण दिवसभर मीटिंगमध्ये माझं लक्ष कुठे होतं ते विचारू नका. :)

मग वीकेंडला दोन्हींचा इतिहास वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की या दोन कटकटी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

आधी ऑप्शन. प्रकरण फार जुनं आहे. थेलीस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने हंगामाआधीच थोडे पैसे देऊन ऑलिव्हचे घाणे स्वतःसाठी राखून ठेवले, ही गोष्ट ॲरिस्टॉटलने लिहून ठेवली आहे. १६८८ साली जोसेफ दे ला वेगाने ॲम्स्टरडॅमच्या शेअरबाजारावर पुस्तक लिहिलं, त्यातही ऑप्शन आहेत. आपल्याकडे तेजी-मंदीचे सौदे चालायचे. तेजी म्हणजे आजचा कॉल, मंदी म्हणजे पुट. १९५६ च्या कायद्याने शेअरवरच्या ऑप्शनवर बंदी आली, ती १९९५ साली उठली.

आता मुख्य अडचण बघा. समजा तुमच्याकडे १४०० रुपयांच्या स्ट्राइकचा कॉल आहे आणि लॉट ६०० चा. कंपनी एकास एक बोनस देते. शेअर दुप्पट झाले, म्हणून भाव निम्म्यावर येतो. कंपनीत काहीच बिघडलेलं नाही, पण तुमचा १४०० चा कॉल एका रात्रीत कचरा! म्हणून करारच बदलावा लागतो. स्ट्राइक ७०० आणि लॉट १२००. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे ८ लाख ४० हजारच येतात. कागदावरच्या फेरफारामुळे धारकाचं नुकसानही होऊ नये आणि फायदाही होऊ नये, एवढंच या नियमाचं सार.

ऐकायला सोपं वाटतं, पण फेरफार कशाला म्हणायचं यावर बराच खल झाला. अमेरिकेत १९७३ पूर्वी ऑप्शन दलालांमार्फत, दोघांत ठरवून व्हायचे. तेव्हा लाभांश जाहीर झाला की तेवढी स्ट्राइक कमी करायचे. २६ एप्रिल १९७३ ला शिकागोत ऑप्शनचा पहिला एक्स्चेंज उघडला. फक्त १६ कंपन्यांचे कॉल, पहिल्या दिवशी ९११ करार. इथे सगळे करार एकसारखे हवेत, तरच ते कुणालाही विकता येतील. दर तिमाहीला स्ट्राइक काही सेंट्सनी हलायला लागली तर झालंच! म्हणून नेहमीच्या लाभांशासाठी ॲडजस्टमेंट बंद झाली, स्प्लिटसाठी राहिली.

मग २००४ साली मायक्रोसॉफ्टने शेअरमागे ३ डॉलरचा खास लाभांश दिला, एकूण सुमारे ३२ अब्ज डॉलर. हा काही 'नेहमीचा' नव्हता. बाजारातल्या ऑप्शनची स्ट्राइक ३ डॉलरने खाली आणली गेली. कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनचं काय? त्यांची ॲडजस्टमेंट करता यावी म्हणून कंपनीने भागधारकांची मंजुरी घेतली. आपल्याकडे २ जुलै २००१ ला एनएसईवर शेअरचे ऑप्शन आले (त्याच दिवशी जुना 'बदला' बंद झाला) आणि बोनस, स्प्लिट, मोठा लाभांश यांचे नियम लिहून ठेवले गेले. माझ्या ॲपने घोळ घातला, पण नियमाने नाही घातला. माझा हक्क शाबूत होता, फक्त स्क्रीन चुकली.

आता रोबोकडे वळू. १९७९ साली स्टॅनफर्डच्या एका गाडीने खुर्च्यांनी भरलेली खोली स्वतःहून पार केली, त्याला जवळपास पाच तास लागले. थोडं सरकायचं, थांबायचं, चित्रं काढायची, नकाशा करायचा, विचार करायचा. १९८६ मध्ये एमआयटीच्या रॉडनी ब्रुक्सने उलटा विचार मांडला: नकाशा हवाच कशाला? आदळलास तर वळ, कडा दिसली तर माग हट. असे साधे नियम एकावर एक रचले की झालं. ब्रुक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्राइनर यांनी १९९० साली आयरोबो ही कंपनी काढली. २००१ मध्ये इलेक्ट्रोलक्सचा ट्रायलोबाइट दुकानात आला आणि २००२ मध्ये आयरोबोचा रूंबा, साधारण २०० डॉलरला. त्याच्याकडे नकाशा नव्हता, वायफाय नव्हतं. आंधळ्या कोशिंबिरीसारखा फिरायचा. पण एकदा घरी आणला की तो पूर्ण तुमचा! उद्या कंपनी बुडाली तरी त्याला पत्ता नसता लागला.

नंतर नकाशे आले. २०१० मध्ये निॲटोने लेझर लावला, २०१५ मध्ये रूंबाला कॅमेरा आणि ॲप मिळालं. सफाई शिस्तीत व्हायला लागली, पण यंत्राची नाळ कंपनीच्या सर्व्हरशी जोडली गेली. आणि मग कंपन्याच डगमगू लागल्या. निॲटो २०२३ मध्ये बंद पडली. तिच्या जर्मन मालक कंपनीने क्लाउड पाच वर्षं चालू ठेवू म्हणून सांगितलं होतं, तो २०२५ मध्येच बंद करायला घेतला. आयरोबोला ॲमेझॉन ऑगस्ट २०२२ मध्ये शेअरमागे ६१ डॉलर देणार होती. जानेवारी २०२४ मध्ये ते फिसकटलं, सुमारे ३१ टक्के लोकांच्या नोकऱ्या गेल्या, अँगलने पद सोडलं. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि तिचे रोबो बनवून देणाऱ्या पिसिया या चिनी कंपनीच्या ताब्यात द्यायचं ठरलं. भागधारकांच्या वाट्याला शून्य. सेवा चालू राहील, असं आयरोबोने ग्राहकांना सांगितलंय, पण शब्द निॲटोच्या मालकांनीही दिला होता.

इथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. ऑप्शन धारकाला बुडण्यापासून कुणी वाचवत नाही. शून्याची ॲडजस्टमेंट करणार तरी काय? पण कंपनीने नुसतं रूप बदललं, तर त्याचं काय व्हायचं हे आधीच लिहिलेलं असतं. सौदा करणाऱ्याला हे संरक्षण आहे. जो घाम गाळून मिळवलेल्या पगारातून तीस-चाळीस हजारांचा रोबो घेतो, त्याला नाही. मालक बदलला, सर्व्हर बंद झाला, तर त्याच्या यंत्राची 'स्ट्राइक' कोण बदलणार?

उपाय तसा अवघड नाही, आपण सॉफ्टवेअरवालेच तो लिहू शकतो. सर्व्हर बंद करायच्या आधी शेवटचं एक अपडेट द्या, म्हणजे नकाशा आणि वेळापत्रक यंत्रातच राहील. आणि हे विक्रीच्या वेळीच, करारात लिहून द्या. तोवर आपल्यापुरतं एवढं करा: असं काही घेताना दुकानदाराला विचारा, "वायफाय बंद केलं तर हे काय काय करतं?" सक्शन किती पास्कल, यापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं.

तूर्तास इतकंच. भेटू पुढच्या वीकेंडला.